तोंडीचे वीस गुण

पोलीस पाटील भरतीचा निकाल प्रांत कार्यालयाच्या फलकावर लागला की बघणाऱ्यांची नजर आधी दोन रकान्यांकडे जाते. लेखी किती आणि तोंडी किती? लेखीचे आकडे आठवड्यापूर्वीच गावभर झालेले असतात, तोंडीचे मात्र पहिल्यांदाच उघडे पडतात. मग फलकासमोर उभ्या-उभ्याच बेरजा सुरू होतात. “लेखीत आठनं पुढं होता की!” “मग काय, तोंडीत काढला त्याला.” कुणी मोबाइलवर फोटो घेतो, कुणी वकिलाला फोन लावतो. माहिती अधिकाराचा अर्ज बहुधा त्याच दिवशी लिहून होतो.

राज्यात पोलीस पाटलांची 38 हजारांहून अधिक पदे मंजूर आहेत. वय 25 ते 45, शिक्षण दहावी, त्याच गावचा रहिवास आणि कोणत्याही राजकीय पक्षाशी संबंध नाही, अशा मुख्य अटी. 2024च्या मार्चमध्ये मानधन 6,500 रुपयांवरून 15,000 रुपये झाले आणि अर्जांच्या रांगेत पदवीधरही मोठ्या संख्येने दिसू लागले. तरीही पुढाऱ्यांना या पदात रस असतो तो मानधनासाठी नव्हे. रात्री गावात मारामारी झाली तर ठाण्यातून पहिला फोन पोलीस पाटलाला जातो. सुरुवात कुणी केली, दारू कुठे गाळली जाते, वाळूचे ट्रॅक्टर कुणाचे, हे त्याने सांगायचे असते. निवडणुकीआधी प्रतिबंधक कारवाईची यादी होते, तेव्हाही त्याला विचारले जाते. दोन गटांच्या गावात अशा माणसाचा पहिला शब्द कुणाच्या बाजूने पडेल, याला फार किंमत असते.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता, कारण पाटीलकी घरात चालत यायची. इंग्रजांच्या 1874च्या कायद्याने वंशपरंपरागत हुद्द्यांना चौकट दिली. ही वंशपरंपरा मोडण्यातला एक मोठा निकाल महाराष्ट्राबाहेरचा आहे. आंध्रातल्या गुंटूर जिल्ह्यात एका गावाची फाळणी झाली आणि नव्या गावाला मुन्सफ, म्हणजे तिथला पाटील, नेमायचा होता. महसूल अधिकाऱ्याने अर्जदारांतून एकाला निवडले. जुन्या मुन्सफाच्या मुलाने अपील केले आणि जिल्हाधिकाऱ्याने घराण्याच्या हक्काने पद त्याच्या पदरात टाकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर 1960मध्ये न्यायालयाने ही नेमणूक रद्द केली: सरकारी पद वंशावरून देणे राज्यघटनेच्या सोळाव्या कलमात बसत नाही. महाराष्ट्रानेही 1962च्या कायद्याने मुलकी पाटीलकी संपवली. पुढे 1967चा ग्रामपोलीस अधिनियम आणि 1968चा सेवाशर्तींचा आदेश आला. नेमणूक उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या, म्हणजे प्रांताच्या हाती गेली. घराणे गेले आणि त्या जागी निवड आली. निवड म्हटली की निवडणारा आला, आणि त्याला फोन करणारेही आले.

सुरुवात आरक्षणाच्या सोडतीपासून होते. कोणत्या गावची जागा कोणत्या प्रवर्गाला आणि कुठली महिलांना, हे चिठ्ठ्यांवर ठरते. ज्यांचा उमेदवार वर्षभर अभ्यास करत बसला होता त्यांच्या गावची जागा भलत्याच प्रवर्गात निघाली, की पहिली कुजबुज तिथेच सुरू होते. त्यानंतर 80 गुणांची लेखी परीक्षा होते. सामान्यज्ञान, गणित, पोलीस पाटलाची कर्तव्ये, परिसराची माहिती. इथे वशिल्याला फारसा वाव नसतो, कारण उत्तरसूची जाहीर होते आणि हरकती घेता येतात. लेखीत किमान 36 गुण मिळवणाऱ्यांनाच तोंडीसाठी बोलावतात.

तोंडीला 20 गुण. प्रांत अध्यक्ष, सोबत पोलीस उपअधीक्षक, तहसीलदार आणि आणखी एखाद-दोन अधिकारी. बाहेर बाकड्यांवर इस्त्रीच्या शर्टात बसलेले उमेदवार एकमेकांना “काय विचारलं रे?” म्हणत असतात. प्रश्न साधेच असतात. गावाला कोणते पोलीस ठाणे लागते, यात्रा कधी भरते, बेवारस प्रेत आढळले तर आधी काय कराल? पाच-सात मिनिटांत माणूस बाहेर येतो. आत काय उत्तर दिले याची नोंद बहुधा राहत नाही, राहतो फक्त आकडा.

त्या आकड्याचे गणित मांडून पाहण्यासारखे आहे. समजा, एकाला लेखीत 68 आणि दुसऱ्याला 60. आठ गुणांची आघाडी 80 गुणांच्या परीक्षेत सहज मिळत नाही. तोंडीत पहिल्याला 9 आणि दुसऱ्याला 18 दिले की बेरीज 77 आणि 78. एकही नियम मोडलेला नाही, एकही कागद खोटा नाही. सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच जागेवर बोट ठेवले आहे. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाच्या खटल्यात, 1980मध्ये, दोन-तीन मिनिटांच्या मुलाखतीला एकतृतीयांश गुण देणे मनमानीचे ठरले; 15 टक्क्यांहून अधिक नको, असे न्यायालय म्हणाले. हरियाणा लोकसेवा आयोगाच्या 1985च्या खटल्यात तर आयोगाच्या सदस्यांचे नातेवाईक निवडले गेल्याचा आरोप होता. तिथे सामान्य उमेदवारांसाठी मुलाखतीचा वाटा 22.2 टक्के होता आणि न्यायालयाला तोही फार वाटला. पोलीस पाटलाच्या तोंडीचा वाटा 20 टक्के आहे. मोठ्या पदांची फूटपट्टी गावपातळीच्या पदाला जशीच्या तशी लावता येत नाही हे मान्य. पण दहावी पासाच्या पदासाठी मुलाखतीला एवढे वजन का, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी. पुढाऱ्याचा फोन प्रत्येक वेळी निकाल फिरवतोच असे नाही. “आपला माणूस आहे, बघा जरा,” एवढे वाक्य तो दोन-तीन उमेदवारांसाठीही टाकून ठेवतो. त्यातला एक स्वतःच्या गुणांवर निवडून आला, तरी संध्याकाळी शाल-श्रीफळ पुढाऱ्याच्याच कार्यालयात होते. “साहेबांनी लावला” हे गावभर होते आणि नव्या पाटलालाही ते नाकारता येत नाही. तोच सत्काराचा फोटो मग हरलेल्याच्या फाईलमध्ये पुरावा म्हणून जातो. हरलेल्याच्या मागेही बहुतेक वेळा दुसरा गट उभा असतोच. वकिलाची फी कुठून आली, हे गावाला ठाऊक असते.

अशा फोटोवर खटला जिंकता येत नाही. पोलीस पाटलाच्या नेमणुकीचे वाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, लोकांच्या बोलण्यातल्या ‘मॅट’कडे जातात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे त्याची पीठे आहेत. वाईट हेतूचा आरोप सिद्ध करायचे ओझे आरोप करणाऱ्यावर असते, म्हणून शहाणा वकील त्या वाटेला फारसा जात नाही. तो रहिवास दाखला, शेतीचा उतारा, मतदारयादीतले नाव, पूर्णवेळ नोकरी आणि गुणपत्रक काढून बसतो. समान गुण पडले तर पहिले प्राधान्य पोलीस पाटलाच्या वारसाला, असे शासनाने 2014मध्ये ठरवले. त्यामुळे कधी वारस कोण यावरही वाद रंगतो. घराण्याचा हक्क पुढच्या दाराने गेला होता, तो इथे बरोबरीच्या गुणांत परत भेटतो.

गुणपत्रक मिळवणे 2024मध्ये थोडे सोपे झाले. पुणे जिल्हा न्यायालयाच्या कनिष्ठ लिपिक भरतीतील एका उमेदवाराला इतरांचे गुण ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारले गेले होते. नोव्हेंबर 2024मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला: भरती ही सार्वजनिक प्रक्रिया आहे, तिच्यातले गुण झाकून ठेवता येणार नाहीत.

गावातल्याच दुसऱ्या एका भरतीत, अंगणवाडी सेविकांच्या, मुलाखतीला जागाच नाही. बारावी आणि पुढच्या शिक्षणाचे गुण, विधवा किंवा अनाथ असल्यास, मागास प्रवर्गाचे, अनुभवाचे वेगळे गुण. त्यांची बेरीज आणि यादी. तिथला झगडा दाखल्यांवर येऊन थांबला आहे. लग्न होऊन आलेली सून खरोखर याच गावी राहते का, हे तलाठी आणि ग्रामसेवकाच्या कागदावर ठरते. पण दाखला खोटा असेल तर शेजारीण साक्ष देऊ शकते, वीजबिल काढता येते. तोंडीत 9 का पडले, हे असे कुणाला दाखवून देता येत नाही.

मॅटमध्ये तारखा पडत राहतात. त्या काळात नेमणुकीला स्थगिती असेल, तर गावाचा अतिरिक्त कार्यभार शेजारच्या गावच्या पोलीस पाटलाकडे सोपवला जातो. मारामारी झाली की फोन त्याला जातो आणि त्याला या गावातली निम्मी घरेही ओळखीची नसतात. दोन्ही गटांना सध्या तेवढेच पुरते.