जोखमीच्या गरोदरपणातली भीती हिप्नोथेरपीने कमी होते का?

उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा जुळी बाळं असली की डॉक्टर गरोदरपण 'जोखमीचं' म्हणतात आणि घरात काळजी सुरू होते.

हिप्नोथेरपीत थेरपिस्टच्या सूचनांनुसार शरीर सैल सोडून लक्ष एका गोष्टीवर आणलं जातं. यात झोप लागत नाही, स्वतःवरचा ताबाही जात नाही.

२०१६ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार, हिप्नोसिसमुळे प्रसूतीत वेदनाशामकं कमी लागू शकतात. भीतीबाबतचे पुरावे मात्र मर्यादित आहेत.

मन शांत झालं तरी बीपी, शुगरची औषधं आणि तपासण्या चुकवू नका. रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, बाळाची हालचाल मंदावणं याला 'टेन्शन' समजू नका, लगेच रुग्णालय गाठा.

मन मोकळं करायचंय? सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनवर १४४१६ ला २४ तास मोफत बोलता येतं.