पाइनला तोड आली

काल ज्या वाटेनं चाललो होतो, तिच्या तोंडाशी आज आडवी फळी: तोड चालू, वाट बंद. आत कुठेतरी यंत्राची घरघर आणि मध्येच झाड आडवं झाल्याचा धप्प आवाज. लेक म्हणाली, "बाबा, दुसऱ्या वाटेनं जाऊ. इथे हे नेहमीचंच."

न्यूझीलंडमधल्या रोटोरुआला खेटून असलेलं हे जंगल. नावाचं इंग्रजी स्पेलिंग पाहून जीभ अडखळते. कानावर येतं ते 'फाकारेवारेवा'. गावातला गंधकाचा वास मागे पडतो आणि ओल्या राळेचा सुरू होतो. सुमारे ५,६०० हेक्टर, त्यात पायवाटा वेगळ्या, सायकलवाटा वेगळ्या. सायकलच्या वाटा १९९०च्या दशकात उमटू लागल्या आणि २००६ साली इथे माउंटन बाइकची जागतिक स्पर्धा भरली. जमीन माओरी जमातींची, पाइनचं पीक लाकूडवाल्यांचं, आणि वाटांवर आपण सगळे पाहुणे.

पीकच म्हणायचं. मी सांगलीकडचा, मला रेडिएटा पाइनच्या त्या सरळ ओळींत ऊस दिसला. फक्त तोड बारा-चौदा महिन्यांनी नाही, साधारण अठ्ठावीस वर्षांनी. कोवळेपणीच खालच्या फांद्या छाटतात, म्हणजे बुंध्याच्या लाकडात गाठी राहत नाहीत. मरतुकडी झाडं विरळणीत जातात. एक फरक मात्र मोठा: पाइनला खोडवा नाही. तोडलं की बुडखा मेला, दर वेळी नवं रोप. १९०१ साली लावलेल्या रेडवूडच्या राईत बरोबर उलटं. रेडवूडच्या बुडख्याला धुमारे फुटतात. त्या राईत तोड नाही, म्हणून सगळे पर्यटक तिथेच माना वर करून उभे. मला मात्र त्या राईपेक्षा तोडीचं रान जास्त खरं वाटलं.

दोन वर्षांपूर्वी तोडलेल्या एका उतारावर गेलो. राखाडी बुडखे, वाळक्या फांद्यांचे ढीग, मध्ये गुडघाभर हिरवी रोपं. जुनी वाट लाकूड ओढणाऱ्या यंत्रांखाली गेलेली. नवी थोडी वरच्या अंगानं कोरत होते. तिघं जण, पगारी नव्हेत, सुटीच्या दिवशी आलेले. कुदळीनं डोंगराकडची बाजू खणायची, माती खाली ओढायची, रुंद फावड्यानं चोपायची. वाट किंचित दरीकडे कललेली हवी, पाणी आडवं निघून जायला. इथली माती ज्वालामुखीची, भुसभुशीत. पाऊस थांबल्यावर तासाभरात सायकल चालते. पण पाण्यानं एकदा ओहोळ धरला, की लोण्यासारखी कापली जाते.

मी न राहवून विचारलं, "आणखी पंचवीस वर्षांनी हेही तुटणार ना?"

एकानं रोपांकडे पाहिलं. "तेव्हा माझा मुलगा खणेल," म्हणाला नि हसला. मग पाठपिशवीतली बाटली काढून नव्या वाटेवर थोडं पाणी ओतलं. पाणी क्षणभर थबकलं, आणि वाटेच्या लांबीनंच सरळ धावू लागलं. त्यानं काही न बोलता पुन्हा कुदळ उचलली.