हॉप्सची साठवण : आधी थंडी, मग यंत्र

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय छोटा आहे, पण खिसा आणि चव दोन्हींशी संबंधित आहे. हॉप्सचं पीक वर्षातून एकदाच निघतं, उत्तर गोलार्धात ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. आपण वॉशिंग्टन राज्यात राहतो आणि अमेरिकेतले बहुतेक हॉप्स याच राज्यातल्या याकिमा खोऱ्यात पिकतात. त्यामुळे सुगी झाली की आपण हौसेनं एक पौंडाचं, म्हणजे ४५४ ग्रॅमचं पाकीट घेतो. एका वेळच्या २० लिटर बिअरला त्यातले कधी ३० ग्रॅम लागतात, कधी १००. मग उरलेल्याचं काय करायचं, हा आजचा प्रश्न.

आधी एक सूचना. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानं घरच्यापुरती बिअर बनवायला मुभा दिली, विकायला नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय हे करणं गुन्हा आहे. तेव्हा सुट्टीत गावी जाऊन प्रयोग नकोत!

पाकिटात नेमकं काय असतं?

हॉप्स म्हणजे मादी वेलीची फुलं, छोट्या शंकूच्या आकाराची. पाकळ्या उलगडल्या की आत पिवळी, चिकट पूड दिसते. तिला लुप्युलिन म्हणतात, आणि आपण पैसे मोजतो ते तिच्यासाठी. तिच्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक म्हणजे आल्फा आम्लं. ती उकळली की त्यांची रचना बदलते आणि बिअरला कडूपणा येतो. दुसरी म्हणजे सुगंधी तेलं. लिंबाच्या सालीचा, फुलांचा, राळेचा जो वास येतो तो त्यांच्यामुळे.

आता आपल्या स्वयंपाकघरात या. खोबरं उघडं राहिलं की खवट होतं. का? तेलाला हवा लागते. हॉप्सचंही तेच. ऑक्सिजन लागला की आल्फा आम्लं मोडतात, तेलं उडतात किंवा बदलतात, आणि शेवटी जुन्या चीजसारखा, घामट मोज्यांसारखा वास येऊ लागतो. तो आयसोव्हॅलेरिक आम्लाचा.

म्हणून पाकिटावर 'आल्फा ६ टक्के' छापलेलं असतं ना, तो आकडा तपासणीच्या दिवसाचा असतो. तुमच्या बिअरच्या दिवशी तो ६ असेल की ३, हे तुम्ही पाकीट कसं ठेवलं त्यावर ठरतं. तो ३ झाला असेल आणि तुम्ही ६ धरून माप घेतलंत, तर कडूपणा निम्मा पडतो आणि बिअर गोडसर, मचूळ लागते.

आकड्यांत पाहू

मार्क गॅरेट्झ यांनी १९९० च्या दशकात घरी बिअर बनवणाऱ्यांसाठी एक अंदाजाचं गणित मांडलं. तापमान १५ अंश सेल्सिअसनं उतरलं की खराब होण्याचा वेग निम्मा होतो. आणि हवा अडवणाऱ्या पिशवीतून हवा काढून ठेवलं, तर उघड्याच्या तुलनेत वेग पुन्हा निम्मा. कॅस्केड ही जात घेऊ. ती टिकायला नाजूक आहे. २० अंशांना उघडी ठेवली तर सहा महिन्यांत आल्फा साधारण अर्धं जातं. सुरुवात ६ टक्क्यांनी केली, तर सहा महिन्यांनंतर अंदाजे असं चित्र दिसतं :

– कपाटात, उघडं : ३.०
– कपाटात, हवा काढून : ४.२
– फ्रीजमध्ये ४ अंशांना, हवा काढून : ५.१
– फ्रीझरमध्ये उणे १८ ला, उघडं : ५.३
– फ्रीझरमध्ये, हवा काढून : ५.७

दुसरी आणि चौथी ओळ शेजारी ठेवून बघा. यंत्रानं सील करून कपाटात ठेवलेल्या पाकिटापेक्षा फ्रीझरमधल्या उघड्या पाकिटात कडूपणा जास्त उरला! लोक महागडं व्हॅक्यूम सीलर आणतात, पिशवी दगडासारखी घट्ट करतात आणि मग ती गॅरेजमधल्या फळीवर ठेवतात. यंत्र म्हणजे अर्धंच काम. आधी थंडी, मग यंत्र.

मग यंत्र नकोच का? हवं. हे गणित फक्त कडूपणाचं आहे. सुगंधी तेलं त्याहून चंचल असतात, आणि फ्रीझरमध्ये उघड्या पाकिटाला मासळीचाही वास लागतो. वास टिकवायचा तर पिशवी बंदच हवी.

कृती

पिशवी कशाची, हे आधी पाहा. साधं पॉलिथिन ऑक्सिजन अडवत नाही. बंद पिशवीला नाक लावून हॉप्सचा वास येत असेल, तर वास बाहेर येतो त्याच वाटेनं हवा आत जाते. सीलरच्या नायलॉनचा थर असलेल्या पिशव्या बऱ्या, मायलारच्या चंदेरी पिशव्या त्याहून चांगल्या.

मोठं पाकीट फोडलं की त्याच दिवशी वाटण्या करा, एका वेळच्या बिअरला लागेल तेवढीच एक पिशवी. पुन्हा पुन्हा उघडणं हाच मोठा शत्रू. भरताना पिशवीचं तोंड बाहेर दुमडून घ्या. कडेला लुप्युलिनची पूड लागली तर सील नीट बसत नाही. गोळ्या, म्हणजे पेलेट्स असतील तर हवा पूर्ण ओढा. अख्खी फुलं असतील तर ती चपटी होण्याआधी थांबा, नाहीतर लुप्युलिनच्या ग्रंथी फुटतात.

पिशवीवर जात, सुगीचं वर्ष, आल्फा, वजन आणि सील केल्याची तारीख लिहा. दोन-तीन दिवसांनी पिशवी चाचपून बघा. सैल झाली असेल तर कुठेतरी गळती आहे, पुन्हा सील करा. आणि ठेवा फ्रीझरच्या तळाशी, मागे. दारात नको, तिथे तापमान सारखं वरखाली होतं.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : आमच्या परसात वेल आहे. तोडून लगेच सील केलं तर चालेल?

उत्तर : नाही. ताज्या फुलात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, ते बंद पिशवीत सडतं. आधी सावलीत, पंख्याखाली वाळवा. पाणी ८ ते १० टक्क्यांवर यायला हवं. सोपी खूण म्हणजे एक किलो ताजी फुलं वाळून पाव किलोच्या आसपास भरतात. फुलाच्या मधली काडी वाकण्याऐवजी कटकन मोडली की समजा झालं.

प्रश्न : जुनं पाकीट सापडलं तर टाकून द्यायचं का?

उत्तर : चुरडून वास घ्या. मोज्यांसारखा आला तर टाका. फक्त मंद झाला असेल, तर आल्फाचा अंदाज कमी धरून माप वाढवा आणि उकळीच्या सुरुवातीला कडूपणासाठी वापरा. शेवटी सुगंधासाठी घालू नका. आणि घरात कुत्रा असेल तर टाकलेले हॉप्स, उकळलेला चोथासुद्धा, त्याच्या तोंडी लागू देऊ नका. कुत्र्यांना ते विषारी आहेत, जिवावर बेतू शकतं.

प्रश्न : सगळ्याच जाती इतक्या लवकर जातात?

उत्तर : नाही. गॅलेना, क्लस्टर या टिकाऊ जाती, त्याच सहा महिन्यांत त्यांचं साधारण पाचवा हिस्साच आल्फा जातं. म्हणून फ्रीझरमध्ये जागा कमी असेल तर पहिला मान कॅस्केडसारख्या नाजूक जातींना द्या.

वेळ संपली. आज घरी गेल्यावर कपाटातलं पाकीट तेवढं फ्रीझरमध्ये हलवा, यंत्र पुढच्या आठवड्यात आणलंत तरी चालेल.