साखर बाबासाहेबांनाही होती

आपल्या घरातल्या फोटोत बाबासाहेबांचा कोट दिसतो, चष्मा दिसतो, पुस्तक दिसतं. त्यांचा आजार दिसत नाही. पण मधुमेह आणि पायांच्या दुखण्याने त्यांना वर्षानुवर्षं छळलं. संविधानाचं काम चालू होतं तेव्हाही रात्र रात्र झोप नसायची.

मुंबईच्या डॉ. मालवणकरांकडे त्यांचे उपचार चालत. तिथल्याच डॉ. शारदा कबीर यांच्याशी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांचं लग्न झालं. त्याच आपल्या माईसाहेब. माईंबद्दल पुढे समाजात पुष्कळ बोललं गेलं. पण ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपलं दुखणं लपवलं नाही. विझू लागलेली आपली ज्योत पुन्हा पेटली ती पत्नीमुळे आणि डॉ. मालवणकरांमुळे, असं त्यांनी मोकळेपणाने नोंदवलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षाभूमीवर आले, तेव्हा एका हातात काठी होती आणि दुसरा हात नानकचंद रत्तूंच्या खांद्यावर होता.

एवढ्या मोठ्या माणसाने खांदा घेतला. मग आपण का लाजतो?

बारामती-इंदापूरच्या वस्त्यांत काम करताना मी पाहते, साखर, बीपी, संधिवात, दमा झालेली माणसं, त्यातही बाया, दुखणं अंगावर काढतात. गोळ्यांची पुडी डब्यामागे लपवतात. ‘घरावर ओझं झालं’ म्हणून मनात कुढतात. मन खचलं की आधी गोळ्या चुकतात, मग जेवण, मग साखर वाढते, आणि वाढलेल्या साखरेने माणूस आणखी गळून जातो. म्हणून मनाचा आधार हाही उपचाराचाच भाग आहे.

कुणी म्हणतं, मागच्या जन्मीचं भोगतोय. हे आपल्या धम्मात बसत नाही. आजार ही शिक्षा नाही. त्याला कारणं असतात आणि उपायही असतात.

तथागतांनी काय केलं ते आठवा. एक भिक्खू पोटाच्या विकाराने घाणीत पडून होता. तो कुणाच्या उपयोगाचा नाही म्हणून त्याच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून बिछान्यावर ठेवलं. मग संघाला बजावलं, ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी.

आपल्याला काय करता येईल?

रविवारच्या वंदनेनंतर विहारात अर्धा तास आजारी माणसांसाठी ठेवा. प्रत्येकाने आपलं सांगावं, बाकीच्यांनी ऐकावं. ‘गोड खाल्लंस म्हणून झालं’ असं कुणी बोलू नये, औषधही कुणी सुचवू नये. विहारात ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही.

दोघी-दोघींच्या जोड्या करा. बारामतीच्या सिल्व्हर ज्युबिली किंवा इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात तपासणीला आणि गोळ्यांना जोडीनेच जा. ऊसतोडीला किंवा कामाला बाहेर जाणाऱ्यांनी पुरतील एवढ्या गोळ्या आधीच मागून घ्याव्यात.

घरच्यांनी रोज एक प्रश्न विचारावा, ‘आज बरं वाटतंय का?’ आणि उत्तर पूर्ण ऐकावं.

दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच मन नाही, रडू येतं, असं असेल तर डॉक्टरांना तेही सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. जगणं नको असं कुणी म्हणालं तर थट्टा समजू नका. त्याला एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ आजारपणातच पूर्ण झाला. त्यामागे औषध होतं, सोबत होती आणि स्वतःचा निर्धार होता. आपल्या वस्तीतल्या आजाऱ्याला निर्धार असतो. औषध आणि सोबत त्याच्यापर्यंत पोहोचवणं आपल्या हातात आहे.

नमो बुद्धाय, जय भीम!