ग्वारीघाटावरील कुरव आणि समुद्रपक्ष्यांच्या पोटातील प्लॅस्टिक

जबलपूर : हिवाळ्यात येथील ग्वारीघाटावर नर्मदेच्या पात्रात पांढऱ्या पक्ष्यांचे थवे उतरतात. नावेतून फिरणारे भाविक व पर्यटक त्यांच्याकडे शेव भिरकावतात आणि पक्षी ती वरच्यावर टिपतात. स्थानिक लोक या पाहुण्यांना सरसकट ‘सायबेरियन पक्षी’ म्हणत असले, तरी ते कुरव आहेत. मुंबईत गेटवेहून मांडव्याकडे निघालेल्या लाँचमागे घिरट्या घालणारे पक्षी याच कुळातील होत. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शहराचा समुद्रपक्ष्यांशी असा संबंध येतो. ज्या प्लॅस्टिकच्या पुडीतून ती शेव येते, तिच्यामुळे हा संबंध अधिक गंभीर होतो.

समुद्रपक्षी प्लॅस्टिक गिळतात, ही गोष्ट नवी नाही. हवाई बेटांच्या वायव्येस १९६६ साली लेसन अल्बट्रॉस या पक्ष्याची १०० मृत पिल्ले तपासण्यात आली, तेव्हा त्यांपैकी ७४ पिल्लांच्या पोटात प्लॅस्टिक आढळले होते. त्यानंतरच्या अर्धशतकात प्लॅस्टिकचे उत्पादन अनेक पटींनी वाढले. ऑस्ट्रेलिया व ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार जगातील सुमारे ९० टक्के समुद्रपक्ष्यांनी कधी ना कधी प्लॅस्टिक गिळले असावे. हा आकडा प्रत्यक्ष शवविच्छेदनातून आलेला नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. १९६२ ते २०१२ या काळात तपासलेल्या पक्ष्यांपैकी सरासरी २९ टक्क्यांच्या पोटात प्लॅस्टिक मिळाले होते. त्यावरून आणि समुद्रातील कचऱ्याच्या वाढत्या प्रमाणावरून हा अंदाज बांधण्यात आला.

वासाचा चकवा

पक्षी प्लॅस्टिक का गिळतात, याचे ‘रंगीत तुकडा मासा वाटतो’ हे उत्तर अपुरे आहे. अल्बट्रॉस, पेट्रेल, शिअरवॉटर या पक्ष्यांचे घ्राणेंद्रिय तीक्ष्ण असते. सूक्ष्म सागरी जीव शेवाळ खातात तेव्हा डायमिथाइल सल्फाइड हा वायू बाहेर पडतो आणि त्याच्या वासावरून यांतील अनेक पक्षी अन्नाचा ठाव घेतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सुमारे तीन आठवडे पाण्यात ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या मण्यांना हाच वास येऊ लागल्याचे २०१६ साली एका संशोधनात दिसून आले. या वासाचा माग घेणाऱ्या जाती इतरांपेक्षा कितीतरी अधिक वेळा प्लॅस्टिक गिळतात, असेही त्यात म्हटले होते. या निष्कर्षावर पुढे काही शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले. अल्बट्रॉसच्या बाबतीत आणखी एक कारण सांगितले जाते. उडणाऱ्या माशांची अंडी तरंगत्या वस्तूंना चिकटलेली असतात. ती खाताना पक्षी ती वस्तूही गिळतो आणि घरट्यात परतल्यावर तेच पिल्लाच्या चोचीत ओततो.

गिळलेल्या प्लॅस्टिकचे पुढे काय होते, हे त्या पक्ष्याच्या जठराच्या रचनेवर अवलंबून असते. कुरव न पचलेले काटे, कवचे व कचरा गोळीच्या रूपाने ओकून टाकतो, त्यामुळे त्याच्या पोटात प्लॅस्टिक फार काळ साठत नाही. (दोऱ्याचा गुंता किंवा गळाचा काटा मात्र त्यालाही जीवघेणा ठरतो.) पेट्रेल व शिअरवॉटर यांच्या जठराचे दोन भाग एका अरुंद वाटेने जोडलेले असतात. दुसऱ्या भागात उतरलेला कठीण तुकडा सहसा परत वर येत नाही. तो झिजून बारीक होईपर्यंत तेथेच राहतो. अल्बट्रॉसची पिल्लेही उडण्याच्या वयाची होईपर्यंत असा कचरा बाहेर टाकू शकत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाव बेटावरील शिअरवॉटर पक्ष्यांच्या जठरात सततच्या घर्षणाने व्रण पडून ऊती कठीण झाल्याचे २०२३ साली आढळले. शास्त्रज्ञांनी या विकाराला ‘प्लॅस्टिकोसिस’ असे नाव दिले आहे.

नर्मदेची वाट

मग ग्वारीघाटावर टाकलेली पुडी या पक्ष्यांपर्यंत पोहोचते काय? अमरकंटकपासून खंभातच्या आखातापर्यंत नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर आहे. जबलपूरच्या खाली इंदिरासागर, ओंकारेश्वर, महेश्वर व सरदार सरोवर ही धरणे तिला अडवतात. त्यामुळे बहुतेक कचरा वाटेतच गाळात किंवा जलाशयाच्या काठाला अडकत असावा. पुराच्या पाण्याबरोबर दरवाजांतून सुटणारा भाग तुकडे होऊनच पुढे जाईल. तात्पर्य, या पुडीचा पहिला बळी समुद्रावर नव्हे, तर घाटाच्या पायऱ्यांवर उभा असण्याचा संभव अधिक आहे.

तो बळी म्हणजे गाय. गाय चारा ओठांनी निवडत नाही. अन्नाचा वास असलेली पिशवी ती तशीच गिळते. पिशवी जठराच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, म्हणजे कोठीपोटात, जाऊन बसते. रवंथासाठी चारा वर येतो, पिशव्यांचा गोळा मात्र येत नाही. तो वाढत जाऊन गाय पोट भरलेले असूनही उपाशी मरते. शस्त्रक्रियेने कोठीपोट उघडून तो काढता येतो, परंतु मोकाट जनावराच्या वाट्याला ती क्वचितच येते. शिअरवॉटर आणि गाय या दोघांची अडचण अशी एकच आहे. गायींच्या या मृत्यूंचा प्रश्न २०१२ साली सर्वोच्च न्यायालयातही मांडण्यात आला होता.

मध्य प्रदेशात मे २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. महाराष्ट्राने २०१८ साली अधिक व्यापक बंदी घातली, तर १ जुलै २०२२ पासून कप, चमचे, स्ट्रॉ यांसारख्या एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी आली. शेव, वेफर्स यांच्या बहुस्तरीय पुड्या मात्र देशव्यापी यादीत नाहीत. त्या परत गोळा करण्याची जबाबदारी नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. प्लॅस्टिक व धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असल्याने या पुड्यांचा पुनर्वापर अवघड असतो. भंगारवाल्यालाही त्यांचे मोल नसते, म्हणून त्या कोणी वेचत नाही.

उन्हाळ्याच्या सुमारास कुरव उत्तरेकडे परततात. त्यांपैकी तपकिरी डोक्याचे कुरव लडाख व तिबेटमधील सरोवरांकाठी अंडी घालतात. पुड्या घाटावरच राहतात आणि पावसाळ्यात नर्मदेला पूर आला की हलतात.