पाय बरा झाला, हे कशावरून?

पाय मुरगळला की आपल्या घरांत क्रम ठरलेला असतो. आंबेहळदीचा लेप, क्रेप बँडेज, दोन दिवस पलंगावर. आणि सूज उतरली की अम्मी पुन्हा ओट्यापाशी, मुलगा पुन्हा क्रिकेटला. सूज उतरणे ही मात्र फक्त पहिली खूण. घोट्याच्या बाहेरच्या बाजूने हाडांना बांधून ठेवणारा पुढचा अस्थिबंध बहुतेक वेळा ताणला जातो किंवा फाटतो. दुखणे लवकर थांबते. त्याला पक्के व्हायला कित्येक आठवडे लागतात. तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो तो याच घाईमुळे.

आधी हाड मोडलेले नाही ना, ते पाहावे. कॅनडातील ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 मध्ये यासाठी सोपे नियम मांडले, ते आजही जगभर वापरतात. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या उंचवट्याची मागची कड अथवा टोक दाबल्यावर हाड दुखत असेल, किंवा लागल्यावर लगेच आणि नंतर दवाखान्यातही चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. अशा पायाला मालिश मुळीच नको.

हाड शाबूत असेल, तर पुढची मोजणी घरीच होते. माप एकच : तुमचा दुसरा, चांगला पाय.

शिलाईची टेप घ्या. भिंतीसमोर एक पाऊल सरळ ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकला, तर पाऊल थोडे मागे घ्या. टाच उचलल्याशिवाय गुडघा टेकेल अशा शेवटच्या जागी अंगठा ते भिंत अंतर मोजा. चांगला पाय 10 सेंटिमीटर आणि दुखरा 6 भरला, तर चालताना काही जाणवत नसले तरी जिना उतरताना किंवा उकिडवे बसताना घोटा अडणारच. आठवड्यातून एकदा मोजून कॅलेंडरवर लिहावे. फरक एक-दीड सेंटिमीटरवर आला की वाकण्याचे काम बरेचसे झाले.

तोल ही निराळी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. पाऊल कसे टेकले आहे याची खबर मेंदूला देणाऱ्या नसा याच अस्थिबंधात असतात. ओट्याजवळ, हात टेकता येईल असे, एका पायावर उभे राहा. मग डोळे मिटून. दोन्ही पायांचे सेकंद मोजा. नंतर एका पायावर टाच किती वेळा उचलता येते, तेही.

नमाजमध्ये डावा पाय अंथरून त्यावर बसताना घोट्याचा पुढचा भाग ताणला जातो. तिथे कळ आली, तर जबरदस्ती करू नये. जमेल तसे बसण्याची सवलत आहेच.

मुलाला मैदानावर सोडण्यापूर्वी दुखऱ्या पायावर लंगडी घालायला सांगा, मग नागमोडी पळायला. संध्याकाळी घोटा पुन्हा सुजला, तर आणखी आठवडाभर बॅट कपाटातच राहू द्या.