चौदा इंची तबकडी आणि तिचं सोंग

मंडळाच्या मागच्या बैठकीत एका काकांनी पिशवीतून चपटा प्लास्टिकचा डबा काढून टेबलावर ठेवला. जेवणाच्या ताटापेक्षा मोठा. काका मूळचे निपाणीकडचे, नोकरी सगळी मुंबईत, संगणक विभागात. "यात काय आहे ते आता बघता येईल का?" एवढाच त्यांचा प्रश्न. उत्तर लांबलं, म्हणून हे टिपण.

डब्यात 14 इंच व्यासाची एकच तबकडी असते, ॲल्युमिनियमवर चुंबकीय लेप दिलेली. 1970 च्या दशकातले मिनीकॉम्प्युटर अशा तबकड्यांवर चालत. 'मिनी' म्हणजे कपाटाएवढे बरं का! अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीचा पीडीपी-11 त्यातला सर्वांत नावाजलेला. आपल्याकडे हैदराबादच्या ईसीआयएलनं टीडीसी-316 काढला; त्यातला 'टी' ट्रॉम्बेचा.

पीडीपी-11 च्या आरके05 ड्राइव्हमध्ये तबकडीच्या दोन बाजू, प्रत्येकीवर 203 वर्तुळं, वर्तुळाचे 12 भाग, भागात 512 बाइट. गुणाकार केला तर 24,94,464 बाइट. मोबाइलवरचा एक फोटो त्यात मावेल न मावेल.

वखारीतल्या मोडी चोपड्या आपण पाहिल्यात. कागद शाबूत, शाई शाबूत, वाचणारा सापडत नाही. इथंही तेच झालंय, फक्त वाचणारा म्हणजे यंत्र. ड्राइव्हची डोकी तबकडीवर हवेच्या अगदी पातळ थरावर तरंगतात. धुळीचा कण मध्ये आला की डोकं घासतं आणि लेप खरवडला जातो. जुन्या ड्राइव्हमधला फोम कुजून त्याचाच भुगा होतो. म्हणून "एकदा लावून तर बघू" हे इथं चालत नाही.

मग जुना संगणक चालवायचा तर ड्राइव्हचं सोंग उभं करतात. आपल्याकडच्या सोंगी भजनात जसं, तसंच. संगणकाला तबकडी कधी दिसतच नाही. तो ठरलेल्या पत्त्यांवर काही आकडे लिहितो: कुठलं वर्तुळ, कुठली बाजू, कुठला भाग, किती शब्द, स्मृतीत कुठं ठेवायचे. मग 'चल' अशी खूण करतो आणि 'झालं' या निरोपाची वाट बघतो. त्या पत्त्यावरून बरोबर उत्तर देणारा कुणीही असो, संगणकाच्या लेखी तीच तबकडी. युनिबोन नावाचं कार्ड हेच करतं. ते पीडीपी-11 च्या युनिबसमध्ये बसतं, त्यावर छोटासा आधुनिक संगणक असतो, आणि तबकडीच्या जागी मेमरी कार्डावरची एक फाइल.

मूळचा कंट्रोलर तसाच ठेवून फक्त ड्राइव्हचं सोंग घ्यायचं, तर काम अवघड. खरी तबकडी मिनिटाला 1500 फेरे मारते, म्हणजे एक फेरा 40 मिलिसेकंदांचा. प्रत्येक भाग सुरू होताना ड्राइव्ह एक ठोका पाठवतो, साधारण 3.3 मिलिसेकंदांनी. सोंगालाही तो ताल सांभाळावा लागतो. गंमत म्हणजे फार चलाखी करूनही भागत नाही. 'झालं' हा निरोप अपेक्षेआधी आला तर काही जुने प्रोग्रॅम गोंधळतात, मग मुद्दाम उशीर घालावा लागतो. मूळ यंत्रच नसेल तर बॉब सुपनिक यांनी 1993 मध्ये सुरू केलेला सिमएच आहे. त्यात अख्खा संगणकच सोंग असतो.

पण या सगळ्याला ती फाइल लागते, आणि ती मिळते खऱ्या तबकडीवरून, चालू ड्राइव्हवर वाचूनच. असे ड्राइव्ह आता काही संग्रहालयांत आणि जुन्या यंत्रांच्या हौशी लोकांकडे उरलेत. वाचताना न वाचलेल्या भागांचे क्रमांक टिपून ठेवावेत, ते शून्यांनी भरून गप्प बसू नये. चोपडीचं फाटलेलं पान आपण मनानं लिहीत नाही, तसंच.

काकांच्या तबकडीच्या मधल्या चकतीवरच्या खाचा मोजल्या. भागांच्या 12 आणि फेऱ्याची सुरुवात दाखवणारी एक. म्हणजे ती पीडीपी-11 च्या पद्धतीची दिसते. पीडीपी-8 ची असती तर 16 निघाल्या असत्या. डबा उघडलेला नाही. लेबलाचा फोटो काढलाय आणि डबा कपाटात स्पीकरपासून लांब ठेवलाय. लेबलावर पेन्सिलीनं 'बॅकअप 2' असं आहे. अक्षर आपलं नाही, असं काका म्हणतात. 'बॅकअप 1' कुणाच्या माळ्यावर असेल तर मंडळाला कळवा, पण पुसायला जाऊ नका.